ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीच्या छबीलसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार, सत् श्री अकाल, रामकृष्णहरी.

शिखांचे पाचवे गुरू श्री अर्जनदेवजी यांचा शहीदी दिवस तोंडावर आला आहे. दरवर्षीप्रमाणे नांदेडात स्टेशनच्या रस्त्यावर मंडळाची छबील, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना थंड गोड सरबत पाजण्याची सेवा, लागेल. लागेल असं लिहिलं खरं, पण आज मंडळाच्या खोलीत साखरेचं एकच पोतं आहे आणि बर्फवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची राहिली आहे. म्हणून घाईघाईत हे पत्र.

आपली छबील सुरू झाली ती दोन रांजण आणि एका ताडपत्रीवर. रांजण शिंपी आळीतल्या अक्कांनी दिले, ताडपत्री ट्रकवाल्या सरदारजींनी आपल्या गाडीवरून सोडून आणली. त्या वर्षी दूध कमी पडलं तेव्हा अक्का स्वतः घरोघर तांब्या घेऊन फिरल्या. पुढे किराणावाल्या शेटजींनी साखरेचा भार उचलला तो शेवटपर्यंत. पावती घ्यायलाही ते कधी आले नाहीत. आणि आपले बाबाजी! पहाटे चार वाजता कच्च्या लस्सीचं पहिलं पातेलं तेच करायचे. दूध मलमलच्या कापडातून गाळायचं, गुलाबाचं सरबत धार धरून सोडायचं, आणि पहिला पेला ओठाला न लावता रस्ता झाडणाऱ्या बाईंच्या हातात द्यायचा. आज यांपैकी कुणीच आपल्यात नाही. त्यांच्या जिवावर ही छबील एकदाही चुकली नाही, हे मंडळाला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी वर्गणीला फिरताना आपल्याच लोकांच्या दारात एक वाक्य तीन-चारदा ऐकलं : "हा त्यांचा कार्यक्रम, आपलं काय त्यात?" हे वाक्य मनाला लागलं. उत्तर तेव्हा सुचलं नाही, ते आज लिहितो.

आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथसाहिबांत आहेत. ती तिथे कुणी घेतली? गुरू अर्जनदेवजींनी. अमृतसरला बसून त्यांनी बाणी, म्हणजे गुरूंची आणि संतांची पदं, गोळा केली, भाई गुरदासांच्या हातून लिहून घेतली आणि १६०४ मध्ये हरमंदिर साहिबात (सुवर्ण मंदिरात) ग्रंथाची स्थापना केली. त्यात कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत आणि आपला शिंपीही आहे. "ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही" ही ओळ तिथे वाचली की अंगावर काटा येतो. इकडेही विठ्ठल, तिकडेही विठ्ठल. पंढरीचं नाव रावीच्या मुलखात गुरू अर्जनदेवजींनी जपून ठेवलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, लाहोरात त्यांचे हाल करून प्राण घेतले गेले. जहांगीर नुकताच तख्तावर आला होता. मुलगा खुस्रो बंड करून पंजाबाकडे पळाला आणि गुरूंनी त्याच्या कपाळी केशराचा टिळा लावला, हा ठपका. पण बादशहाने स्वतःच्या आत्मचरित्रात कबूल केलं आहे की गुरूंचं हे 'दुकान' (त्यांच्या पंथाला त्याने दिलेलं नाव) बंद करावं किंवा त्यांना इस्लाममध्ये आणावं, असं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. हिंदू तर जातच होते, कित्येक मुसलमानही गुरूंकडे जात होते, हेच त्याला खुपत होतं. परंपरा सांगते की तापल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापलेली वाळू ओतली, मग रावीत नेलं. गुरू अवघे ४३ वर्षांचे होते. "तेरा कीआ मीठा लागै" हे त्यांचेच शब्द, म्हणून छबीलचं पाणी गोड असतं. आणि त्याच ग्रंथाला १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंहजींनी गुरुपद दिलं ते आपल्या नांदेडातच. एवढं सांगितल्यावर 'त्यांचा कार्यक्रम' कुणी म्हणू नये, ही हात जोडून विनंती.

गेल्या वर्षी दुपारी एकलाच बर्फ संपला. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून आलेली माणसं रांगेत होती. बांधकामावरच्या एका बाईचा लहानगा रिकामा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभा होता. त्याला साधं पाणी दिलं. यंदा तसं व्हायला नको.

लागणारं सामान : साखर १५० किलो, दूध १०० लिटर, गुलाब सरबताच्या ६० बाटल्या, बर्फाच्या २० लाद्या, पाण्याचे दोन टँकर, मंडप एक दिवस. वस्तू किंवा रोख, काहीही चालेल. रोख दिल्यास पावती अवश्य घ्यावी. सामान आदल्या दिवशी सायंकाळी ६ ते ८ मंडळाच्या खोलीवर पोचवावं, दूध मात्र त्याच दिवशी पहाटे. छबील सकाळी १० ते ४. पेले विसळायला आणि रांग सांभाळायला दोन-दोन तासांच्या पाळीने किमान ३० जण हवेत, नावं खोलीतल्या वहीत लिहावीत. आदल्या रात्री ८ वाजता नामदेव महाराजांच्या ६१ पदांचं वाचन आहे. भजनी मंडळाने टाळ आणि शीख बांधवांनी पोथी आणावी. प्लास्टिकचे पेले वापरणार नाही, तेव्हा ज्यांच्या घरी जास्तीचे स्टीलचे पेले असतील त्यांनी तळाला नाव घालून एक दिवसासाठी द्यावेत.

आपला,
सचिव
(मंडळाच्या वतीने)