गोष्ट कोणाची, चित्रं कशी काढली, तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

लोककथांची चित्रमय पुस्तकं मुलांसाठी हल्ली बरीच येतायत, छान वाटतं, पण एक गोष्ट खटकते. असं पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडून १६-१६ पानांचे फर्मे पडतात, आता तेवढ्या जागेत गोष्ट बसवतात, वर तात्पर्यही कोंबतात (ते कोणी मागितलं होतं देव जाणे), पण ही कथा मूळ कुठल्या लोकांची, कोणाकडून ऐकली, याची एक ओळ नाही. "फार फार वर्षांपूर्वी" म्हटलं की सुटले.

आणि चित्रं कशी केली तेही दाखवा ना. लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून घेतलेला छाप) असेल तर कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि छाप उलटा येतो म्हणून अक्षरं उलटी कोरावी लागतात, एवढं शेवटच्या पानावर दिलं तरी पोरं खोडरबर घेऊन ठसे करत बसतील. नुसत्या तयार आउटलाइनमध्ये रंग भरायला देणं म्हणजे टाइमपास झाला.

तुमच्या पुरवणीत पुस्तक परिचय देताना चित्रकाराचं नावही छापत जा, निदान कंसात तरी.

– एक वाचक