वार्लपिरी दुभाषी आँटींस जाहीर आभारपत्र

आदरणीय आँटी, स. न. वि. वि.

ऱ्हुमॅटिक तापानंतर हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनवरची वार्लपिरीतली, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी समाजाच्या भाषेतली, 30 सेकंदांची रेडिओ-सूचना तुमच्यामुळे नीट झाली. मध्य ऑस्ट्रेलियात आरोग्यसंदेशांचं काम करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडून त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मराठीत आणि जाहीर अशासाठी, की गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्यांसाठी मराठीत पोस्टर छापणाऱ्यांनीही ते वाचावं.

‘महिन्यातून एकदा’ हे शब्द तुम्ही पहिल्याच वाचनात खोडलेत. इंजेक्शन 21 ते 28 दिवसांच्या आत पडायला हवं. महिना 31 चा असला की तीन दिवस उशीर. पौर्णिमेची खूणही चालत नाही, कारण पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस. म्हणून वार धरला: गुरुवारी घेतलं, तर पुढच्या चौथ्या गुरुवारपर्यंत परत यायचं. ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ही काढलंत. पॉझिटिव्ह म्हणजे चांगली बातमी, असं समजून माणूस निश्चिंत घरी जातो.

‘समजलं का?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा ‘घरी आईला काय सांगाल?’ असं विचारायचं. ध्वनिमुद्रण मात्र मूळ इंग्रजी मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या वार्लपिरी भाषकाला ऐकवून त्याच्याकडून अर्थ इंग्रजीत परत घ्यायचा. चूक सापडते ती इथेच, आणि वेळ नाही म्हणून पहिली काट याच पायरीवर मारली जाते!

सगळ्यात मोठा धडा आवाज आणि फोटोंचा. वार्लपिरी समाजात माणूस वारला की त्याचं नाव उच्चारत नाहीत, त्याच नावाच्या इतरांनाही त्या नावाऐवजी ‘कुमनजायी’ म्हणतात. आवाज आणि चेहराही मागे घ्यावा लागतो. परवानगीचा कागद सहीपुरता असतो, खरी कामाची ती नोंदवही: आवाज कोणाचा, विचारायचं कोणत्या नातेवाइकाला, सूचना कुठे वाजते, पोस्टर कुठल्या भिंतीवर, काढणार कोण. रेडिओवरची फाइल आठवणीने काढली जाते. दवाखान्याच्या टीव्हीला लावलेला पेनड्राइव्ह विसरतो, आणि बाकावर बसलेल्या घरच्यांना तोच आवाज ऐकू येतो. पुन्हा कधी वापरायचा, ते कुटुंब ठरवणार. दुखवटा असेल तर ध्वनिमुद्रणाचं नावही काढायचं नाही.

एसएमएसबद्दलही तुमचंच खरं. एक फोन घरात चौघे वापरतात, नंबर बदलत राहतात. म्हणून त्यात आजाराचं किंवा इंजेक्शनचं नाव नको, ‘दवाखान्यात या’ एवढंच पुरे. पोस्टर दुकानाच्या दारावर, पण आतून आणि सावलीत, कारण उन्हात लाल रंग आधी उडतो आणि नेमका वार त्याच रंगात असतो.

नोंदवहीची प्रत सोबत पाठवत आहोत, राहिलेल्या भिंती त्यात लिहाव्यात. पुढच्या ध्वनिमुद्रणाच्या खर्चात दुसऱ्या श्रोत्याचा मेहनताना वेगळा धरला आहे.

आपले नम्र,
आरोग्यसंदेशांचं काम करणारे आम्ही