निर्यातीचं डाळिंब आणि हातगाडीवरचं डाळिंब

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जागतिकीकरणानं आपल्याकडे भलं झालं की वाटोळं, असं तू थेट विचारलंस. मी अर्थशास्त्रातली नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण सध्या आमच्या घरात ज्याची चर्चा चालू आहे, त्यावरूनच सांगते.

सांगोल्याला दादानं भगवा जातीचं डाळिंब लावलंय, हे तुला ठाऊक आहे. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहाराचा माल तोडणीला आलाय आणि यंदा निम्मा युरोपला धाडायचा म्हणून त्यानं बाग नोंदवली. एकदा नोंदवली की कुठलं औषध कधी मारलं, किती मारलं, तोडणीआधी किती दिवस फवारणी थांबवली, सगळं वहीत लिहावं लागतं. मग फळांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. फळात उरलेल्या ज्या कीटकनाशकाच्या अंशाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. शंभर टन फळांत एक ग्रॅम! मी हा हिशोब फळ्यावर करून दाखवला, तेव्हा मुलं बघतच राहिली.

अगं, मला हे मनापासून आवडतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथं केगावला २००५ पासून आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर, फवारणीच्या वेळापत्रकावर तिथले शास्त्रज्ञ सांगत आलेत. तरी आमच्या दादानं वही हातात घेतली ती परदेशी गिऱ्हाईक आल्यावर. जगाच्या बाजारानं विज्ञान बांधावर आणलं ते असं, आणि याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण उरलेला निम्मा माल कुठं जातो? मार्केट यार्डात, तिथून हातगाडीवर, आणि तिथून माझ्या वर्गातल्या पोरांच्या पोटात. त्याची वही कुणी मागत नाही. कायदा आपल्याकडेही आहे, मर्यादाही ठरलेल्या आहेत. मी मात्र आमच्या चौकातल्या हातगाडीवरून नमुना उचललेला कधी पाहिला नाही. दादा दोन्ही फळं सारख्याच काळजीनं पिकवतो. सगळेच तसं करत असतील, याची खात्री मी आयांना कशाच्या जोरावर देऊ? रॉटरडॅमच्या लेकराला मिळतो तो भरवसा सोलापूरच्या लेकराला का नको? सुनंदा, मला या गोष्टीचा फार राग येतो.

विड्यांचंही तसंच झालंय. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळतात. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, घरभर तंबाखूचा उग्र दर्प आणि त्याच खोलीत झोपलेलं तान्हं बाळ. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये लागू झाला, भारतानं तर तो २००४ मध्येच मान्य केला होता. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र आलं, विडीच्या बंडलावरही. योग्यच झालं. पण त्याच करारात १७ वं कलम आहे, तंबाखूवर पोट असणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याबद्दल. १८ वं आहे, या कामात राबणाऱ्यांच्या आरोग्याबद्दल. ओढणाऱ्यासाठीचं चित्र घरोघर पोचलं. वळणारीसाठीची ही दोन कलमं मला आमच्या शाळेच्या आसपास कुठं दिसत नाहीत. खोकणारी आई पालकसभेला येते आणि पोरीला पुढं शिकवायचं म्हणते, तेव्हा मी तिला काय सांगू?

शिक्षणाचं मात्र आनंदानं सांगते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, पुढं राज्यानंही ते स्वीकारले. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले, तर निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले. तंत्र बाहेरचं होतं, पण कामाला लागलं आधी वाडीतल्या पोरांच्या. मला हवा असलेला क्रम हाच.

संस्कृती बुडेल, ही तुझी धास्ती मला तितकीशी पटत नाही. आपलं गाव घडलंच मुळी बाहेरून आलेल्यांमुळे. तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांच्या मागांवर सोलापुरी चादरीचं नाव झालं. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं हात जोडणाऱ्यांत मराठी, कन्नड, तेलुगू सगळेच असतात. परवाच या यात्रेतल्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आले, तुफान गर्दी होती.

आपलं उत्तम ते बाहेर जाऊ नये, असं मी म्हणत नाही हं. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. १९३८ साली युद्धात सापडलेल्या चीनच्या मदतीला त्यांच्यासह पाच डॉक्टरांचं पथक गेलं. बाकीचे परतले, ते जखमी सैनिकांसाठी तिथंच राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांचा अभिमान आपल्याला शाळेपासून आहे. मला एवढंच हवंय की परक्यासाठी आपण जी कसोटी लावतो, ती घरच्यांनाही लागावी.

आता तुझ्याकडे एक काम. तिकडे शाळेत मुलांना फळं देतात का? देत असतील तर त्यांची तपासणी कोण करतं, अहवाल पालकांना बघायला मिळतो का, नीट विचारून कळव. इथं पालकसभेत आणि महापालिकेत हा विषय मांडायचं आम्ही काही शिक्षकांनी ठरवलंय. हातात नेमकी माहिती असली की बोलायला बळ येतं.

काकू तुझ्याकडे आल्यात ना? त्यांना माझा नमस्कार. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सलनं पाठवतेय.

तुझीच,
माधुरी