भोंग्याचा ॲम्प्लिफायर

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

पत्र मिळालं. तुझ्या बाबांचा तो लग्नात भोंगे वाजवणारा, जुना व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर भंगारात घालायचा का, म्हणून विचारतोस? नाव काढू नको बे भंगाराचं! सुरू झाला तो, आणि चार रात्री मी त्याच्यावर गिटार वाजवली.

पहिल्या रात्री मात्र जाड तार छेडली की आवाज नुसता गढूळ. मला वाटलं, व्हॉल्व्ह गेले. पण दोष होता पहिल्या, ईसीसी ८३ नावाच्या छोट्या व्हॉल्व्हच्या पायाशी. तिथं कॅथोडला (व्हॉल्व्हमधल्या प्रवाह सोडणाऱ्या तापत्या टोकाला) दीड किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यावर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. त्यामुळे सगळ्या सुरांना सारखीच वाढ मिळते. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची. तो खर्ज फुगून पुढच्या व्हॉल्व्हवर आदळायचा आणि बाकीचे सूर दाबून टाकायचा. लग्नाच्या मांडवात इतकी वर्षं हे कोणाला कळलं नाही, कारण भोंग्यातून खर्ज निघतच नाही. मी २५ चा काढून ०.६८ चा लावला. आता साधारण दीडशे हर्ट्झच्या खाली वाढ जवळपास निम्मीच. तीच तार, तोच व्हॉल्व्ह, पण प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं, तेही ऐक. ग्रिडचा, म्हणजे आवाजाची लाट जिथं येते त्या व्हॉल्व्हमधल्या जाळीचा, व्होल्टेज फार खाली गेला की व्हॉल्व्हमधला प्रवाहच थांबतो आणि लाट एका बाजूनं सपाट होते. उलट ग्रिड कॅथोडच्या वर गेलं, की ते स्वतःच थोडा प्रवाह खायला लागतं. त्या बाजूचं टोक गोलसर दबतं. दोन बाजू सारख्या दबल्या नाहीत, की दुप्पट कंपनांचा सूर मिसळतो. म्हणजे सा वाजवला तर वरचा सा. शेवटच्या ईएल ३४ या मोठ्या व्हॉल्व्हच्या जोडीचं वेगळं: एक ओढतो, दुसरा ढकलतो, त्यात जोडीनं तयार केलेले सम पटीचे (दुप्पट, चौपट) सूर एकमेकांना खोडतात आणि तिप्पट कंपनांचा उरतो, त्या वरच्या सा च्याही पुढचा पंचम. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला तो गोड लागणारच!

आणखी एक गंमत. सध्या हरभऱ्याला रात्री पाणी सुरू आहे. शिवारातल्या मोटारी लागल्या, की घरात २३० चे १८० व्होल्ट होतात. प्लेटचे (व्हॉल्व्हमधल्या प्रवाह ओढून घेणाऱ्या पत्र्याचे) ४०० व्होल्ट सव्वातीनशेच्याही खाली येतात आणि कमी आवाजातच सूर मऊ फाटायला लागतो. लय भारी वाटतं, पण फिलॅमेंटचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्टही पाचाच्या खाली जातात आणि त्यानं कॅथोड खराब होतो. म्हणून फिलॅमेंटला वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला, तो स्टॅबिलायझरवर ठेवला.

काल रात्री एका ईएल ३४ ची प्लेट लालसर दिसली. लगेच बंद केला. बंद केल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते उतरवले, मगच हात घातला. दोन व्हॉल्व्हांच्या मधला जुना कागदी कंडेन्सर गळतोय, त्यातून ग्रिडवर डीसी (एकाच दिशेची वीज) जातं, म्हणून प्लेट लाल झाली. तो आता बदलल्याशिवाय चालू करणार नाही. संक्रांतीला येशील तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीतून (तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे चार कंडेन्सर घेऊन ये. आणि तुझी गिटारही आण.

बाबांना नमस्कार सांग.

तुझाच,
दोस्त