रविवारच्या मीटिंगबद्दल, पोलीस लाईनमधल्या सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ११ वाजता लाईनच्या हॉलमध्ये बसायचंय, विषय ड्युटीवर बघितलेल्या गोष्टी डोक्यातून न जाणं. डॉक्टर लोक त्याला पीटीएसडी म्हणतात. वहिनींनाही घेऊन या, कारण खरं काय चाललंय ते घरच्यांनाच आधी कळतं.

मुंब्रा-दिवा ट्रॅकवरच्या बॉड्या उचलणारे, खाडीतून प्रेत काढणारे, घोडबंदरच्या ॲक्सिडेंटचा पंचनामा करणारे, आपल्यातले किती जण आहेत बघा. तेच तेच स्वप्न पडणं, फटाका वाजला की दचकणं, त्या स्पॉटवरून जायचं टाळणं, पोरांवर उगाच खेकसणं, हे महिन्याच्या वर चाललं आणि त्याने ड्युटीवर किंवा घरात अडायला लागलं तर दाखवून घ्यायचं, आणि रोज क्वार्टर मारून झोपणं हा इलाज नाही, त्याने झोप अजून बिघडते (हे मी अनुभवाने सांगतोय). बोलून करायची थेरपी असते, लागलं तर गोळ्याही असतात, बरीच माणसं बरी होतात.

"वरिष्ठांना कळेल" ही भीती सगळ्यांनाच असते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची तरतूद आहे. टेली-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आपल्या ठाणे शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी पण आहे, नावाला घाबरू नका.

आणि एखादा साथीदार स्वतःला संपवायचं बोलला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच १४४१६ ला फोन लावा.

नाईटवाल्यांनी झोप काढून उशिरा आलं तरी चालेल, चहा आहे.