मेंडेलीव्हच्या घरी तुमचं संस्कृत

सेंट पीटर्सबर्ग
रविवार, रात्र

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही पुन्हा टोमणा मारलात, संस्कृत सोडून रसायनाच्या मागे लागलास म्हणून. काल मेंडेलीव्हचं घर पाहून आलो, मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणारा तो रशियन रसायनशास्त्रज्ञ. आमच्या विद्यापीठाच्याच इमारतीत आहे, 1866 ते 1890 तो तिथे राहिला. आता संग्रहालय आहे.

1869 च्या फेब्रुवारीत त्याला चीजचे कारखाने बघायला जायचं होतं. त्याबद्दल आलेल्या पत्राच्या पाठीवरच त्याने मूलद्रव्यांचे अणुभार (अणूंची तुलनेने वजनं) मांडून पाहिले. (तुम्हीही लग्नपत्रिकांच्या पाठीवर हिशोब करता, आजी उगाच रागावते.) तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. ती अणुभाराने लावताना जिथे गुण जुळेनात तिथे त्याने सारणीतलं घर सरळ रिकामं सोडलं. आणि त्या न सापडलेल्यांची बारशीही उरकली: एक-बोरॉन, एक-अ‍ॅल्युमिनियम, एक-सिलिकॉन. हा 'एक' तुमचाच, संस्कृतातला! बोरॉनच्याच गटात, म्हणजे सारख्या गुणांच्या रांगेत, एक घर पुढे म्हणून एक, दोन घरं पुढे असेल तर 'द्वि'. रशियनमध्ये दोनला 'द्वा' आणि तीनला 'त्री'च म्हणतात, पण एकाला 'अदीन'. म्हणजे 'एक' मुद्दाम आणलेला.

पुढची गंमत तुम्हाला आवडेल. 1875 मध्ये फ्रान्सच्या बुआबोद्राँला गॅलियम सापडलं. त्याने घनता काढली 4.7. मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, पण इथून कळवलं की हेच माझं एक-अ‍ॅल्युमिनियम, घनता 5.9 च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करून बघा. बुआबोद्राँने केलं, आली 5.9! मी शब्द पुरा म्हणायच्या आत तुम्ही स्वयंपाकघरातून "विसर्ग खाल्लास" ओरडायचात, तसलाच प्रकार. पुढे 1879 ला स्कँडियम आणि 1886 ला जर्मेनियम सापडलं, उरलेली दोन घरंही भरली.

गॅलियम तिसाच्या आतच वितळतं, तळहातावर ठेवलं की पाणी. आपल्याकडे मे महिन्यात ते बाटलीतच वितळेल, इथे खिडकीत दगडासारखं राहील. आज उणे अकरा आहे.

तंत्रज्ञान संस्थेच्या मेट्रो स्टेशनजवळ एका अख्ख्या भिंतीवर त्याची सारणी लावली आहे. समोर तो दाढी सोडून बसलेला, पुतळा म्हणून. फोटो ताईच्या फोनवर टाकलाय, तिच्याकडून मोठा करून घ्या.

आजीला सांगा, मेतकूट संपलं. कुणी येणार असेल तर पाठवा.

तुमचा,
बंड्या