यादीत चार रकाने, मग डेटाबेसकडून चाळीस कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाची गुणवत्ता यादी किंवा शिष्यवृत्तीची लाभार्थी यादी लागली की संकेतस्थळ आचके देऊ लागते. ‘सर्व्हरवर ताण आला’ असा खुलासा येतो आणि पुढच्या वर्षी मोठ्या सर्व्हरसाठी निविदा निघते. अशी प्रणाली जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली असेल तर सर्व्हर बदलण्याआधी एक गोष्ट फुकटात तपासता येते: पडद्यावर दिसतात चार रकाने, पण क्वेरी, म्हणजे प्रणालीने केलेली मागणी, डेटाबेसकडून किती मागते?

समजा, अर्जदारांच्या टेबलात ४० कॉलम आहेत आणि त्यांतल्या एकात ३० केबीचा फोटो आहे. यादीच्या एका पानावर ५० नावे. अर्ज क्रमांक, नाव, प्रवर्ग आणि गुण एवढेच आणले तर पाच-सहा केबीत काम भागते. अख्खी एंटिटी, म्हणजे सर्व कॉलमसह त्या नोंदीची जावातली वस्तू, आणली तर नुसते फोटोच दीड एमबी. शिवाय पुढे काय बदलले हे ओळखता यावे म्हणून हायबरनेट (जावा आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) प्रत्येक एंटिटीच्या मूळ मूल्यांची प्रत जवळ ठेवते. फोटो बाइट अ‍ॅरेत असेल तर त्याचीही दुसरी प्रत होते. पानामागे तीन एमबी झाले. एकाच वेळी १,००० जणांनी यादी उघडली तर तीन जीबी मेमरी अशा फोटोंनी अडवली, जे त्या पानावर कुणाला दिसणारच नाहीत. डेटाबेसचा व्यवहार ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचण्यापुरता) ठेवला तर ही दुसरी प्रत टळू शकते. पहिली मात्र येतेच.

‘आम्ही फोटोला लेझी केले आहे’, म्हणजे लागेल तेव्हाच आणायला सांगितले आहे, हे उत्तर नेहमी मिळते. जेपीएमध्ये, म्हणजे हायबरनेट पाळते त्या जावाच्या मानकात, साध्या कॉलमवरचे लेझी ही केवळ सूचना आहे, सक्ती नव्हे. बिल्ड करताना बाइटकोड एन्हान्समेंट (तयार क्लासमध्ये जादा कोड घालणे) चालू केले नसेल तर हायबरनेट ती सूचना मानत नाही आणि फोटो पहिल्याच सिलेक्टमध्ये येतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रोजेक्शन: हवे तेवढेच कॉलम मागणे. जेपीएच्या क्वेरी-भाषेत, जेपीक्यूएलमध्ये, ‘सिलेक्ट न्यू’ लिहून पुढे डीटीओच्या (माहिती नेण्यापुरत्या साध्या वस्तूच्या) क्लासचे पॅकेजसकट पूर्ण नाव आणि कंसात हवी ती फील्ड द्यायची. जावा १६ पासून रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारे छोटे क्लास) आले आहेत, त्यामुळे हा डीटीओ एका ओळीत होतो. कन्स्ट्रक्टरमध्ये (डीटीओ तयार करणाऱ्या कोडमध्ये) फील्डचा क्रम आणि प्रकार तंतोतंत जुळावा लागतो. काउंटचे (नोंदी मोजण्याचे) उत्तर लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात, असते. तिथे छोटा इंट ठेवला तर ‘योग्य कन्स्ट्रक्टर सापडला नाही’ अशी एरर येते. ज्या कॉलममध्ये नल (रिकामे मूल्य) असू शकतो तिथे नल न मावणारा प्रिमिटिव्ह इंट नको, इंटिजर हवा.

स्प्रिंग डेटा ही जावाची लायब्ररी वापरणाऱ्यांना डीटीओऐवजी नुसत्या गेटरचा (मूल्य वाचून देणाऱ्या मेथडचा) इंटरफेसही पुरतो, पण चकवे इथेच जास्त आहेत. इंटरफेसमधल्या एखाद्या गेटरवर ‘व्हॅल्यू’ अ‍ॅनोटेशन लावून नाव-आडनाव जोडण्याचे एक्स्प्रेशन लिहिले, की ते ओपन प्रोजेक्शन होते. कोणती फील्ड लागतील हे स्प्रिंगला आधी कळत नाही, म्हणून ते मुकाट्याने अख्खी एंटिटी आणते. जोडणीच करायची तर इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहावी. क्वेरी हाताने लिहिली असेल तर प्रत्येक कॉलमला गेटरशी जुळणारे उपनाव द्यावे. ते विसरले तर बरेचदा एरर येत नाही, गेटर नुसता नल देतो. आणि अर्जदारातून ‘टिंब शाळा टिंब नाव’ असा मार्ग लिहिला की इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच नोंदी ठेवणारी जोडणी) तयार होतो. ज्याची शाळा नोंदलेली नाही तो अर्जदार यादीतूनच गायब! क्वेरीत लेफ्ट जॉइन स्वतः लिहावा. हा दोष सर्वांत वाईट, कारण पान झटकन उघडते आणि चुकीचे असते.

याहून धोक्याची एक गोष्ट आहे. वेगळा डीटीओ नको म्हणून काही जण ‘सिलेक्ट न्यू’पुढे एंटिटीचाच क्लास देतात. जेपीए त्याला परवानगी देते, पण हाती येणारी वस्तू अर्धवट भरलेली असते. पुढे कुणी तीच वस्तू सेव्ह केली की मर्जमध्ये (वस्तूतली मूल्ये डेटाबेसमध्ये उतरवताना) उरलेल्या कॉलमवर नल लिहिले जातात. पत्ता, खाते क्रमांक, सगळे पुसले जाते. डीटीओ वाचण्यापुरता, दुरुस्तीच्या पडद्याला एंटिटी, ही वाटणी पाळावी. डीटीओतले बदल डेटाबेसमध्ये आपोआप जात नाहीत, हे नवख्यांना खटकते. यादीसाठी तेच बरे.

सात-आठ छोट्या कॉलमच्या टेबलासाठी हा खटाटोप करू नये. प्रत्येक पडद्याला एक डीटीओ करत बसलो तर सांभाळायला तेच ओझे होते. लांब मजकूर, फोटो, दस्तऐवज किंवा एंटिटीमागून येणारी इतर टेबले असतील तिथेच याचा खरा लाभ आहे. ‘मेनी-टू-वन’ (अनेक अर्जदार, एक शाळा) नाते जेपीएमध्ये मुळात ईगर, म्हणजे लगेच आणले जाणारे, असते, तेव्हा एंटिटी आणली की शाळा, शाळेमागून तालुका अशी रांग लागू शकते. मागितलेले कॉलम इंडेक्समध्येच (शोधासाठीच्या सूचीतच) असतील तर डेटाबेसला बरेचदा मूळ टेबलापर्यंत जावेही लागत नाही; पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ११ व्या आवृत्तीपासून इंडेक्सला असे जादा कॉलम जोडता येतात.

हा प्रश्न वेगापुरता नाही, म्हणूनच वृत्तपत्राकडे लिहीत आहोत. एंटिटी जशीच्या तशी जेसनमध्ये (ब्राउझरला माहिती पाठवण्याच्या मजकूर-रूपात) पाठवली तर पडद्यावर न दिसणारा मोबाइल क्रमांक आणि बँक खातेही ब्राउझरपर्यंत पोहोचते. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडणारा कुणीही ते वाचू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती ही सांगितलेल्या हेतूला लागणाऱ्या माहितीपुरतीच मानली आहे.

तेव्हा सार्वजनिक पैशातून प्रणाली घेणाऱ्यांनी निविदेत प्रत्येक यादीचे रकाने नावानिशी लिहावेत आणि स्वीकृतीच्या चाचणीत दोन गोष्टी मागाव्यात. एक, हायबरनेटचा एसक्यूएल लॉग (डेटाबेसकडे गेलेल्या क्वेरींची नोंद), म्हणजे सिलेक्टपुढचे कॉलम मोजता येतील. दोन, हायबरनेटची आकडेवारी चालू करून यादीचे पान एकदा उघडायचे आणि लोड झालेल्या एंटिटींचा आकडा पाहायचा. प्रोजेक्शन नीट असेल तर तो शून्य येतो. ५० आला, तर बिल थांबवावे.

आपले,
जावा व डेटाबेसचे काम करणारे दोन वाचक, पुणे